ठकीच्या पोटातलं पाणी

आयुष्यभर मी पोरं रडवायचं काम केलं आणि सरकारनं मला त्याचा पगार दिला. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, काय करता तुम्ही, की मी हेच सांगायची. बाई आपलं पोर हळूच पलीकडे सरकवून बसायची. मग खरं सांगावं लागे. मी नर्स होते, पण दवाखान्यातल्या नर्सांना आणि गावोगावच्या सुईणींना शिकवणारी नर्स. नव्वदच्या दशकात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्या वाट्याला होते. एक पत्र्याची पेटी घेऊन मी फिरायची. पेटीत नळ्या, मास्क, हवा भरायचे रबरी फुगे, नाळ कापायची पाती आणि सगळ्यात वर टॉवेलात गुंडाळलेली एक रबरी बाहुली.

काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं आहे. मूल जन्मलं की रडलं पाहिजे. रडणं म्हणजे पहिला श्वास. बहुतेक पोरं आपली आपण रडतात, त्यांना आमची काही गरज नसते. थोडी मात्र निळी, मऊ, गप्प येतात. अशा पोराला कोरडं पुसायचं, ऊब द्यायची, मान जराशी मागे करायची, तोंडातली नि नाकातली घाण नळीनं ओढून घ्यायची. तरीही श्वास नसेल तर नाकातोंडावर मास्क बसवून फुग्यानं हवा भरायची. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. गुंडाळताना तोंड उघडं ठेवायचं, हे तर मी झोपेतसुद्धा बडबडायची म्हणे. हे सगळं चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात सुरू झालं पाहिजे. जमलं तर ते पोर पुढं शाळेत जातं, लग्न करतं, सासूशी भांडतं. नाही जमलं तर नाही.

आणि सुईणी तेवढ्या वेळात काय करायच्या? कांदा फोडून नाकाशी धरायच्या. कानाशी थाळी बडवायच्या. बाळामागून वार पडते ना, ती नाळ न कापताच निखाऱ्यावर शेकायच्या, वारेतला जीव नाळेतून पोरात जातो म्हणून. बारामतीच्या वर्गात पिंपळीहून आलेली एक म्हातारी तर पोराच्या पायाचा अंगठा चावायची. मी तिच्यावर ओरडले, तर म्हणाली, तुमच्या नळीपरीस लौकर रडतंय. आणि रडायचंही मेलं कधीकधी, आता काय सांगू.

माझी शिकवायची एक पद्धत होती. आधी मी काही सांगायची नाही. बाहुली समोर ठेवायची आणि म्हणायची, तुम्ही घरी जसं करता तसं सगळं करून दाखवा, काही गाळू नका. सगळं बघितल्यावर मग काय सोडायचं नि काय धरायचं ते बोलायचं. वरिष्ठांनी या पद्धतीचं फार कौतुक केलं होतं. भागामावशी भेटेपर्यंत मलाही ती फार हुशारीची वाटायची.

भागामावशी पळसदेवच्या. उजनीच्या पाण्याकाठचं गाव. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि लोक वर सडकेच्या बाजूला येऊन राहिले. मावशींनी जुन्या गावातही बाळंतपणं केली होती आणि नव्या गावातही. किडकिडीत बाई, कपाळभर गोंदण, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, ‘‘तुमाला किती?’’ मी म्हटलं, दोन. त्या म्हणाल्या, ‘‘हायती किती ते न्हाय, झाली किती?’’ मी चहा आला का बघायला उठून गेले.

ते शिबिर इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात होतं, उन्हाळा नुकता तापायला लागला होता तेव्हाचं. बाळंतपणाच्या खोलीला लागून एक लहान खोली होती, तिथंच वर्ग भरे; खिडकीशी टेबल, कोपऱ्यात बल्ब लावलेली लाकडी पेटी. कमी वजनाच्या पोरांना ऊब द्यायला ती पेटी दवाखान्यानंच सुताराकडून करून घेतली होती. तिथली नर्स रजिया. इंदापुरातच वाढलेली, कामाला वाघीण, बोलायला त्याहून जास्त. बाहुलीचं नाव ठकी तिनंच ठेवलं. नळी ओढायचा सराव खरा वाटावा म्हणून आम्ही ठकीच्या तोंडात पाणी घालत असू. तसं करू नका असं बाहुलीसोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, पण कोरड्या तोंडातून कुणी काय ओढायचं?

भागामावशींची पाळी आली. त्यांनी ठकीला लुगड्याच्या पदरानं पुसलं. उलटी करून पाठ चोळली. तोंडात बोट फिरवलं. सगळं बरं चाललं होतं. मग त्या वाकल्या आणि ठकीच्या कानात नावं घ्यायला लागल्या. सासऱ्याचं नाव, थोरल्या दिराचं, चुलतसासूचं. एकेक नाव घ्यायचं आणि तोंडाकडं बघायचं. मी विचारलं, हे काय? बाकीच्या सुईणींनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी नाळ म्हणजे काय असं विचारलं होतं. घरातलं गेलेलं माणूस पोटाला येतं. पोर रडेना, म्हणजे कुणी यायचं ते अजून आलेलं नाही, वाट चुकलंय. त्याला हाक मारायची. ज्याच्या नावाला पोर रडेल, ते माणूस आलं.

मी म्हटलं, मावशी, पण ही बाहुली आहे, कुणाचंही नाव घ्या. त्या म्हणाल्या, खोटं नाव कसं घ्यायचं? काय बी गाळू नका म्हणालात.

नावं संपत आली. रजिया तोवर फुगा नि मास्क घेऊन तयार उभी होती, पुढचं ती दाखवणार होती. शेवटी मावशी अगदी हळू म्हणाल्या, ‘‘शेवंता.’’ त्याच वेळी रजियानं मास्क बसवून फुगा दाबला.

आणि ठकी रडली.

म्हणजे आवाज झाला. बारीक, ओला, घशात पाणी असलेल्या पोराचा असतो तसा. खोलीत वीस बायका दाटीनं बसल्या होत्या, सगळ्यांनी तो ऐकला. एकीनं हात जोडले. रजियानं मास्क उचलला, पुन्हा बसवून दाबला, तर पुन्हा तोच आवाज. भागामावशींनी ठकीवरचे हात काढून घेतले आणि त्या भिंतीशी जाऊन बसल्या.

मी काय केलं असेल? मी शिक्षिका. मी ठकीचा जबडा उघडून सगळ्यांना दाखवला. तोंडाच्या आतला रबराचा सांधा उसवला होता. तिथून पाणी पोटात उतरलं होतं, हवा भरली की तेच वाजत होतं. बघा, म्हटलं, आत पाणी गेलंय. बायकांनी माना डोलावल्या, माझ्या सगळ्याच बोलण्यावर डोलवायच्या तशाच. भागामावशी म्हणाल्या, ‘‘पानी गेलंय, त्येच तर.’’

शेवंता म्हणजे मावशींची लेक. जुन्या गावात असताना तापानं गेली, जेमतेम बोलायला लागली होती. लहान पोरांना जाळत नाहीत, पुरतात. देवळाच्या मागच्या अंगाला पुरली. मग धरण आलं. त्यावर एवढं पाणी चढलं की देवळाचं शिखरही दिसेना. हे मला रजियानं सांगितलं, मावशींनी नव्हे. मावशींनी घरातल्या प्रत्येक बाळंतपणात शेवंताला हाक मारली होती. मुलाची पोरं झाली तेव्हा, पुतण्याची झाली तेव्हा. कुणी सासऱ्याच्या नावाला रडलं, कुणी दिराच्या. शेवंताच्या नावाला कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीला गुंडाळलेला टॉवेल ओला होता. आदल्या दिवशी मी स्वतः तिला उलटी धरून निथळवली होती, पुसली होती. पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी टेबलावर पाण्याचं लहानसं तळं. रजियानं तिला उचलून बल्बच्या पेटीत ठेवलं, वाळेल म्हणून. पेटीच्या दाराच्या काचेला आतून वाफ धरली. रबर पाणी धरून ठेवतं, मी म्हटलं. रजिया म्हणाली, हो मॅडम, आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत पेटीचं दार लावून घेतलं. सुईणींनी तर ठकीला हात लावायचंच सोडलं. कुणाच्या लेकराच्या तोंडात नळी घालायची, म्हणाल्या. उरलेलं शिबिर मी टॉवेलाची गुंडाळी करून तिला नाकडोळे काढून पार पाडलं. मनात मी सगळ्यांना शिव्या घालत होते, ठकीला धरून.

शेवटच्या दिवशी भागामावशी माझ्याकडं आल्या आणि ठकीला घरी न्यायला मागू लागल्या. मी म्हटलं, सरकारी वस्तू आहे, देता येत नाही. तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. नात मंगल कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. महिन्याभरात दिवस भरत होते.

‘‘माझी हाक हितंच खर्च झाली,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एवढी वरसं हाक मारली, आली न्हाय. आली ती ह्या रबरात. आता मंगलच्या पोटाला कोण येनार? रिकामं येईल त्ये पोर. रडायचं न्हाय.’’

हे त्या रडून म्हणाल्या असत्या तर मी समजूत घातली असती. पण बाजारात मेथी मिळाली नाही असं सांगावं तशा सपाट आवाजात म्हणाल्या, आणि माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला. काटा आला की मला राग येतो. मी फटकन बोलले, मग मंगलला इथं घेऊन या, ठकी इथंच असणार आहे. मावशी बरं म्हणाल्या.

मला तेव्हा कळलंही नाही मी काय करून बसले ते. त्या बाईनं आजवर बाळंतपणाला एकही बाई दवाखान्यात पाठवली नव्हती. आमची भित्तिपत्रकं, सभा, भोंगा लावलेली जीप, कशालाही ती हलली नव्हती. एका उसवलेल्या रबरानं ते केलं.

मे महिन्यात शिबिरानंतरच्या भेटींसाठी मी पळसदेवला गेले. नात बघितली. पोट ठीक होतं, बाळाचं डोकं खाली होतं, अंगावर थोडी सूज. दवाखान्यातच आणा, पुन्हा बजावलं. निघताना मावशी म्हणाल्या, चला, दावते. पाणी फार खाली गेलं होतं. जुनं देऊळ उघडं पडलं होतं, गाळानं माखलेलं, पायऱ्यांवर शिंपले. लांबवर कोळ्यांच्या होड्या दिसत होत्या. दुपारचं ऊन, वारा नाही, पायाखाली भेगाळलेली माती, आणि त्या भेगांतून घरांच्या जोत्यांचे दगड डोकावत होते. मावशी त्या उजाड मातीत गल्ली असल्यासारख्या वळत होत्या, उंबरा असल्यासारखा पाय उचलत होत्या. मी सरळ चालले तर म्हणाल्या, तितनं नगं, तितं भित हाय. मी मुकाट्यानं वळसा घातला.

देवळामागं एका जागी त्या थांबल्या. बाकी सगळीकडं गाळ अजून ओला होता, काळा. तेवढी वितीभर जागा वाळून पांढरी पडली होती.

‘‘हितं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘हितलं पानी आधी गेलं. कुठं गेलं असंल?’’

धरणाचं पाणी खाली सोडतात, सोलापूरकडं जातं, मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मी घाईघाईनं परत फिरले, आणि त्या नसलेल्या भिंतीला पुन्हा वळसा घातला, हे मला एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

मावशींनी मंगलला आणलं ते जीपमधून, भर दुपारी. मी त्या दिवशी इंदापुरातच होते, रजियाच्या हाताखाली आलेल्या नव्या नर्स मुलींना शिकवत. डॉक्टर व्हरांड्यापलीकडं एका अडलेल्या बाईच्या ऑपरेशनमध्ये गुंतले होते. मंगलच्या कळा सकाळपासूनच्या, पोरगी थकून गेलेली. पाणी फुटलं ते हिरवं. हिरवं पाणी म्हणजे बाळानं पोटातच शी केली, त्याचा जीव घाबरा झालाय. रजियानं माझ्याकडं बघितलं. मी नळी नि फुगा हाताशी ठेवला.

मुलगी झाली. निळी, मऊ, हात लोंबलेले. तोंडात, घशात पाणीच पाणी. मी नळीनं ओढलं, अजून ओढलं, येतच राहिलं. पुसली, पाठ चोळली, काही नाही. नाळेच्या मुळाशी दोन बोटं लावली की काळजाचे ठोके कळतात. कळले, पण फार हळू, दमलेल्या माणसानं जिना चढावा तसे. रजियानं मास्क बसवला. दाब, सोड, सोड. छाती वर येत होती. पण ती हवा आमची होती. पोरीची स्वतःची काही नव्हती.

माझं लक्ष भागामावशींवर होतं. आता त्या पुढं येणार, कानात नावं घेणार, मास्क सरकणार, आणि मला त्यांना ढकलावं लागणार. मी खांदा आडवा धरूनच उभी होते. त्या आल्याच नाहीत. त्या शेजारच्या लहान खोलीत गेल्या. मधलं दार उघडं होतं. त्यांनी खिडकीशी ठेवलेल्या ठकीला उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

‘‘शेवंते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘त्ये आपलं घर न्हाय. आपलं घर हिकडं हाय, मंगलपाशी. चल, ऊठ.’’

रजियाचा हात थांबला नाही, त्याबद्दल मी तिला जन्मभर मानते. दाब, सोड, सोड. माझ्या बोटांखाली ठोके जरा घट्ट झाले. आणि जलद. मग पोरीचा ओठ हलला, तिनं एक उचकी दिली, नाकातोंडातून भळकन पाणी आलं, आणि ती रडली. बारीक, ओलं, घशात पाणी असलेलं पोर रडतं तसं. तो आवाज आम्ही दोघींनी आधी ऐकलेला होता. रजियानं मास्क खाली ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसली.

कुठल्याही सभेत मी सांगेन, पोरगी फुग्यानं वाचली. आधी छाती वर आली, मग ठोके वाढले, मग श्वास, मग रडणं, सगळं पुस्तकाच्या क्रमानं. यात मला काडीचीही शंका नाही. फक्त, मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या चोळीपासून पोटापर्यंत लुगडं ओलं झालेलं होतं. सकाळी नव्या मुलींना दाखवताना मी ठकीच्या तोंडात पाणी घातलंच नव्हतं.

त्या दिवसानंतर ठकी कधी वाजली नाही. उसवण आहे तशीच होती, माझी करंगळी जायची त्यातून. सरावाला आम्ही पुढं कितीदा तरी तिच्या तोंडात पाणी घातलं, निथळवलं की कोरडी. मी मुद्दाम भरपूर पाणी घालून फुगा दाबून बघितला. नुसती हवा गेली.

सगळीच पोरं रडली असं नाही. बारामतीची दोन आणि इंदापूरचं एक मला अजून आठवतं, चेहऱ्यासकट. त्यांच्या वेळीही क्रम बरोबर होता, फुगा चांगला होता, हात शिकलेले होते. त्यांना हाक मारायला कुणी नव्हतं म्हणून ती गेली, असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या आयांना मी काय सांगितलं ते आठवलं की हातातला घास मी अजून ताटात परत ठेवते.

मंगलला घरी सोडलं तेव्हा नावाचा प्रश्नच नव्हता, शेवंताच ठेवलं. पोरीला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधलं होतं, तोंड उघडं ठेवून, मी शिकवलं तस्सं. मावशी जीपमध्ये चढता चढता थांबल्या.

‘‘शिष्टरबाई, त्या दिशी तुमी उठून गेलात. झाली किती?’’

‘‘तीन,’’ मी म्हटलं. ‘‘पहिली मुलगी होती. रडली नाही.’’

‘‘नाव काय ठिवलं व्हतं?’’

‘‘ठेवलंच नव्हतं. रडलीच नाही तर नाव कशाला ठेवतात.’’

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. ‘‘मंग तिला हाक कशी मारायची कुनी? ठिवा. अजून बी ठिवता येतं.’’

मला भुलीतून जाग आली तेव्हा तिला नेलं होतं. मी तिचं तोंडही बघितलं नाही. कुणी तिला पुसलं का, कुणी पाठ चोळली का, मी विचारलं नाही, आणि मग विचारायचं वय निघून गेलं. हे शिकवायचं काम मी मागून घेतलं ते त्यासाठीच. हे घरात ठाऊक आहे, बाहेर पहिल्यांदाच लिहिते आहे.

निवृत्त होताना पेटी परत करायला मी भांडारात गेले. भांडारातला माणूस चहाला गेला होता. मी ठकीला बाहेर काढलं. रबर पिवळं पडलं होतं, एक डोळा मिटत नव्हता. आजूबाजूला बघितलं. मग तिच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. कोणतं ते इथं लिहिणार नाही, ते मावशींच्या जीपनं वळण घेतलं त्याच दिवशी ठरलं होतं. मास्क तिच्या तोंडावर बसवला, फुगा मुठीत धरला, आणि तशीच उभी राहिले. दाबला आणि ती रडली असती, तर मी तिला त्या पेटीत कशी ठेवली असती? आणि नसती रडली तर?

भांडारवाला जिना चढत होता. मी फुगा न दाबताच खाली ठेवला. ठकीला कोरड्या टॉवेलात गुंडाळलं, तोंड उघडं ठेवलं, पेटीत निजवलं, आणि पेटीचं झाकण न लावता खाली आले.